शेंदूर उतरवलेला वीर

सोलापूर स्टेशनवर चेन्नईची गाडी लागली तेव्हा आप्पांनी माझी ट्रंक हमालाला उचलू दिली नाही. माझ्या वडिलांचा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला, सामान कुठं कसं बसवायचं हे त्यांना सांगावं लागत नसे. ट्रंकेत माझ्या पीएचडीची टिपणं होती, शिळांचे ठसे होते. ती बर्थखाली सरकवून ते एवढंच म्हणाले, "कागद भिजू देऊ नको. तिकडं हवा दमट असती." मग खाली उतरले ते खिडकीशी आलेच नाहीत. बायकोची बँकेतून बदली झाली होती आणि मला इकडे नोकरी नव्हती, म्हणून आम्ही निघालो होतो. पण आप्पा खिडकीशी का आले नाहीत, ते मला माहीत होतं. निदान तसं मला वाटत होतं.

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना आमचा वीरोबा आठवत असेल, वेशीबाहेर लिंबाखालचा. शेंदराचा नुसता गोळा, नाक ना डोळे. आप्पा दर अमावास्येला पहिल्या ड्यूटीआधी त्याला तेल-शेंदूर लावत, नारळ फोडत. तो आमचा मूळपुरुष, अशी घरातली समजूत. माझा विषय मध्ययुगातली मारामारी: गुरं पळवणं, गावं लुटणं आणि त्यात मेलेल्यांचे वीरगळ, म्हणजे त्यांच्या आठवणीचे कोरीव दगड. आपल्या दारातच एक वीरगळ झाकलेला आहे म्हटल्यावर मला राहवेना. आप्पा ड्यूटीवर असताना मी कोमट पाणी आणि बांबूच्या कामट्या घेऊन बसलो आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर खरवडून काढला. आत तीन कप्पे निघाले. खाली गुरं आणि लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तो, आणि चंद्रसूर्य. वीरगळ नेहमी खालून वर वाचायचा असतो.

संध्याकाळी आप्पा आले. मी उत्साहाने सांगितलं, की हा आपला कुणी नव्हे, दुसऱ्याची गुरं सोडवताना मेलेला कुणी बिननावाचा गडी आहे. ते दगडाजवळ वाकले. "बरं," म्हणाले. पुढच्या अमावास्येला ते नारळ न घेताच गेले आणि पुन्हा कधी त्यांनी शेंदूर लावला नाही. मी त्यांचा देव मारला होता. माफी मागायची, तर मी प्रबंधात त्यावर एक प्रकरण लिहिलं.

चेन्नईत त्या प्रकरणाचं काय झालं ते ऐका. अड्यारच्या एका कॉलेजात आठवड्याला तीन तास, तेही तासिकेवर. बाकी दिवस नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात मराठी प्रुफं तपासणं. मिक्सर, कुकर, इस्त्री यांच्याबरोबर जी घडीची पत्रकं येतात ना, ती. मध्ययुगीन हिंसेचा हा अभ्यासक दिवसभर 'पात्याला बोट लावू नये' हे शुद्ध मराठीत लिहिलंय का ते बघायचा. आमचे घरमालक तंजावरकडचे मराठी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "शेकडों वर्षांमागं मेलेला माणूस, त्याला कोण मारलं म्हणून तुम्ही आत्तां शोधणार कां, सार?" मी हो म्हणालो. त्यांनी बायकोकडे सहानुभूतीने पाहिलं.

दर रविवारी आप्पांचा फोन यायचा. "कायम झालास का?" मी म्हणायचो, होईल. मग ते विचारायचे, "तुझं वाचायचं काम चालू आहे ना?" मी म्हणायचो, चालू आहे. दोन्ही थापा. ट्रंक पलंगाखाली होती आणि कागदांना बुरशी आली होती. आप्पा टोमणा मारतात असं मला वाटायचं, मी फोन लवकर ठेवायचो.

एकदा एन्नोरच्या कोळीवाड्यात गेलो होतो. थर्मल वीजकेंद्राच्या राखेने करडी झालेली ती वस्ती, आणि तिथे वाटेच्या कडेला हळद माखलेला एक नडुकल, म्हणजे तिकडचा वीरगळच. एक बाई त्याला फूल वाहत होती. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तोडादींग, सार." हात लावू नका. मी हात मागे घेतला आणि रस्त्यातच मला रडू आलं. घरी फोन करावा असं मनात आलं. रविवारी करू म्हटलं.

तो रविवार आलाच नाही. झोपेतच गेले आप्पा. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

तेराव्यानंतर मी शेंदूर आणि तेल घेऊन लिंबाखाली गेलो. आई मागोमाग आली. इतक्या वर्षांत दगडावर शेवाळ असेल, धूळ असेल असं वाटलं होतं. दगड लख्ख होता. गुरांची शिंगंसुद्धा मोजता आली असती.

"दर अमावास्येला धुवायचे," आई म्हणाली. "कुणी शेंदूर घेऊन आलं की परत पाठवायचे. माझ्या पोराचं वाचून व्हायचंय म्हणायचे." मग माझ्या हातातली वाटी बघून तिनं विचारलं, "झालं का रे तुझं वाचून? झालं असलं तर लाव."

माझं वाचून शेंदूर खरवडला त्या एका दुपारीच झालं होतं. त्यांना ते सांगायचं राहून गेलं होतं.

मी शेंदूर लावला, खालून वर. आधी गुरं गेली, मग लढाई, अप्सरा, शेवटी चंद्रसूर्य. आता तो कुणाला वाचता येणार नाही. चेन्नईत अजूनही कुणी विचारतं, घर कुठं? मी गावाचं नाव सांगतो. पण कुणीतरी माझ्यासाठी एक दगड पुसून ठेवत होतं, तोवरच मला घर होतं. आणि त्या सगळ्या वर्षांत मी फोन लवकर ठेवत होतो.