तारखेपुरतं माहेर

कोल्हापूरच्या बायका कुणाला ऐकत नाहीत, असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यांना आमचा नुसता आवाज ऐकू येतो. आम्ही बोलतो मोठ्यानं, पण सही करायची वेळ आली की मुकाट्यानं करतो. माझ्या आत्यांनी केली, चुलत बहिणींनी केली, गल्लीतल्या निम्म्या बायकांनी केली. बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावासाठी सोडून द्यायचा, त्याला हक्कसोड म्हणतात. कायदा लेकीला लेकाइतकाच वाटा देतो आणि रीत तो एका दुपारीत काढून घेते.

ही रीत मोठ्या हौसेनं पाळली जाते, हे मुद्दाम सांगायला हवं. बाप गेला, त्याचे दिवस झाले, की काही महिन्यांनी भाऊ गाडी करतो. बहिणींना सासरहून आणतो, नवी साडी नेसवतो आणि रजिस्टर ऑफिसला नेतो. तिथं बाकावर बायका एकमेकींच्या साड्यांचे काठ बघत बसतात. सह्या, अंगठे, फोटो झाले की चांगल्या हॉटेलात जेवण. बहीण काही हरली असं कुणी म्हणत नाही. माहेर राखलं म्हणतात.

आमचं जैन शेतकऱ्याचं घर. गाव कोल्हापूरहून कागलला जाणाऱ्या रस्त्याला. वडील, आमचे अप्पा, होते तोवर आमच्या जमिनीत ऊस होता. मग रस्ता मोठा झाला, कागलची पंचतारांकित एमआयडीसी वाढली आणि आमच्या बांधावर उभं राहिलं की कंपन्यांच्या गाड्या मोजता येईनात. आम्ही दोघंच भावंडं. मी थोरली, भाऊ माझ्या कडेवर वाढलेला. तो मला अक्का म्हणतो. म्हणायचा, असं लिहायला हवं खरं तर.

माझे यजमान टर्नर. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात लोखंड कातायचे आमचे दोन लेथ होते. ते मशीनवर, मी बाकी सगळ्यावर. माल आणणं, मापं तपासणं, टेम्पो भरून देणं, गिऱ्हाइकाशी भांडणं. भांडणात मी बरी होते. कागलच्या एका कंपनीला आमचं काम आवडलं. त्यांनी कायमची ऑर्डर देऊ केली, पण अट घातली की मोठं मशीन घ्या आणि स्वतःची शेड करा. बँकेत गेलो. मॅनेजर भला माणूस होता, त्यानं चहा पाजला आणि तारण काय देता ते विचारलं. सासरचं घर चुलत्यांत सामायिक, त्यावर कुणी छदाम देत नव्हतं. तेव्हा त्यानं मला विचारलं, तुमच्या माहेरचं काही आहे का? बँकेतल्या खुर्चीवर बसून मला पहिल्यांदा कळलं की माझ्याकडे जमीन आहे.

मी भावाकडे गेले. रस्त्याकडेचा एक तुकडा माझ्या नावावर कर, बाकी सगळं तुला सोडते, असं म्हणाले. तो नाही म्हणाला नाही. आधी सही होऊ दे, मग बघू, म्हणाला. तो लबाड नव्हता, हे मी आजही सांगेन. त्यालाही त्या जमिनीवर शेड बांधून कंपनीला भाड्यानं द्यायची होती आणि त्याच्या बँकेनंही त्याला सांगितलं होतं की बहिणीची सही आणा, मग कर्जाचं बोला. दोन बँका, दोन भावंडं आणि जमीन एक.

यजमान म्हणाले, सही करून टाक, मशीन आज ना उद्या मिळेल, माहेर परत मिळायचं नाही. नंतर गावानं त्यांच्याच नावानं खडे फोडले, जावयानं फूस लावली म्हणून. बिचारा माणूस शेवटपर्यंत ते ऐकत राहिला.

मी ठरवूनच गेले होते की सही करायची. भावानं आणलेली हिरवी साडी नेसले होते. भावजयीनं मला गजरा माळला होता. ऑफिसात गर्दी, आमचा नंबर आला. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला, हे स्वखुशीनं लिहून देताय ना? हा प्रश्न विचारायचा असतो म्हणून विचारतात. माझ्या आधीच्या बायकांनी तो ऐकलाही नव्हता, नुसत्या माना हलवल्या होत्या. माझी काय खोड, मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

“न्हाय,” मी म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. त्यांना वाटलं बाईंना ऐकू कमी येतं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणाले. मग ते भावाकडे बघून म्हणाले की बाईंची खुशी नसेल तर मला हे करता येत नाही. बरोबरच होतं त्यांचं. कायदा त्या टेबलावर सगळा वेळ हजर होता, त्याला कुणी हाक मारत नव्हतं इतकंच.

भावानं कागद गोळा केले. बाहेर गाडीपाशी आल्यावर त्यानं माझ्यासाठी दार उघडलं नाही. “अक्का, चार माणसांत असं करायला नको होतंस,” एवढंच म्हणाला आणि गाडीत बसला. मी हिरव्या साडीत रिक्षा करून घरी आले. चूक केली असं मला त्या दिवशी वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. वाईट वाटतं, ते वेगळं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वर्षभर मी शहाणी होते. निरोप पाठवले, गावातल्या जाणत्यांना मध्ये घातलं, सणाला फराळ घेऊन गेले आणि दाराला कुलूप बघून परत आले. आत टीव्ही चालू होता. मग मी वाटपाचा दावा लावला. वादी मी, प्रतिवादी माझा भाऊ. कोर्टानं हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत जमीन जैसे थे ठेवा. विकायची नाही, बांधायचं नाही, गहाण टाकायची नाही. हुकूम अगदी रास्त होता, दोघांचंही रक्षण करणारा. त्या रक्षणाखाली जमिनीत बाभळी उगवल्या.

कंपनी आमच्यासाठी काही महिने थांबली, मग तिनं ती ऑर्डर बेळगावकडच्या कुणाला दिली. भावाची शेडही राहिली. त्याला भाडेकरू मिळाला होता, पण बँकेच्या वकिलाला जमिनीवर दावा दिसला आणि फाइल बंद झाली. आमच्या शेजारच्या वावरात मात्र शेड उभी राहिली. त्या मालकाच्या तिन्ही बहिणींनी सह्या केल्या होत्या. सकाळी तिथं कामगारांच्या मोटरसायकली दाटीनं लागलेल्या असत आणि त्याला लागून आमचं रान.

एकदा उद्योजकांच्या एका सभेत पाहुणे आले होते, मोठे अर्थतज्ज्ञ. देश पुढं का जात नाही यावर त्यांनी छान भाषण केलं. भांडवल कमी पडतं, जमीन मिळत नाही, निकाल लवकर लागत नाहीत. मी मागच्या रांगेत बसले होते. सगळं पटत होतं. पण बहिणी हा शब्द त्यांच्या भाषणात आला नाही. जिथं शेड उभी आहे तिथं कुणाची तरी बहीण गप्प बसलेली आहे आणि जिथं रान माजलंय तिथं कुणीतरी बोललेली आहे, असं उठून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. सभेत मी एकटीच बाई होते आणि जेवणाची वेळ झाली होती.

मधल्या काळात यजमान गेले. भाऊ मातीला आला होता, मागं उभा राहिला आणि घरात न येता गेला. माझी मुलगी पुण्याला नोकरीत रमली. एक लेथ विकला, दुसऱ्यावर एक कारागीर काम करतो आणि मी त्याच्या समोर खुर्ची टाकून बसते. माहेरचं कुणी येत नाही. बहिणी म्हणाव्यात अशा ज्या चुलत बहिणी, त्याही येत नाहीत. त्यांनी सह्या केल्या होत्या. माझ्याकडे येणं म्हणजे आपण काय केलं ते आठवणं, म्हणून असेल. मी त्यांना दोष देत नाही, पण रविवारी दुपारी घरात बसवत नाही हे खरं.

राहिली तारीख. महिना-दोन महिन्यांनी कसबा बावड्याच्या कोर्टात तारीख असायची. पुकारा व्हायचा, दोघांचे वकील उभे राहायचे, पुढची तारीख मिळायची. साहेब रजेवर, वकील आजारी, कागद आले नाहीत, कारणाला तोटा नव्हता. लोक तारखांना शिव्या घालतात. पहिली काही वर्षं मीही घातल्या. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी साडीला इस्त्री करते.

वऱ्हांड्यात बाकं समोरासमोर आहेत. तो त्या बाकावर, मी ह्या. बोलत नव्हतो. पण मला दिसत होतं सगळं. त्याचे केस पिकले ते मी तारखेला बघितलं. त्याला चष्मा लागला तो तारखेला. त्याची लेक एकदा बरोबर आली होती, तिच्या कडेवर बाळ होतं. आपला भाऊ आजोबा झाला हे मला असं बाकावर बसून कळलं.

एकदा थंडीच्या दिवसांत पुकारा फार लांबला. ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागलं. भाऊ दिवस मावळल्यावर खात नाही, लहानपणापासूनचा नेम आहे. तो सारखा बाहेर बघत होता. घरी पोचेपर्यंत अंधार होणार आणि हा सकाळपर्यंत उपाशी राहणार, हे मला समोरून दिसत होतं. माझ्या पिशवीत भाकरी आणि मुगाची उसळ होती. मी डबा माझ्या वकिलांच्या हातात दिला आणि समोर द्या म्हणाले. वकिलांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी साक्षच फिरवली. प्रतिवादीला जेवू घालणारी वादी आपण पाहिली नाही, म्हणाले. तरी नेऊन दिला त्यांनी. भावानं डबा घेतला, पाठ करून खाल्ला. डबा परत आला तेव्हा धुतलेला होता.

खालच्या कोर्टानं माझ्या बाजूनं निकाल दिला. भावानं वरच्या कोर्टात अपील केलं. इमारत तीच, मजला वेगळा. वकिलांना मी रागावल्यासारखं दाखवलं. पुन्हा कित्येक वर्षं गेली आणि यंदा त्या अपिलाचाही निकाल लागला. अपील फेटाळलं. निम्मी जमीन माझी. न्याय झाला, पुरेपूर झाला, एवढंच की ज्यासाठी जमीन हवी होती ते मशीन आता जुनं म्हणून बाजारात विकत नाहीत आणि ते चालवणारा माणूस राहिला नाही.

निकालानंतर वऱ्हांड्यात भावाचा वकील त्याला समजावत होता. पूर्वी हायकोर्ट म्हणजे मुंबई, रात्रभराचा प्रवास, माणूस तिथंच दमायचा. आता बेंच कोल्हापुरातच आलंय, अजून एक संधी आहे, बघा. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. मी जिना उतरायचा सोडून कठड्याला धरून उभी राहिले. मनात म्हणत होते, कर रे अपील. तुझं काय जातंय. कर.

माझ्या वकिलांनी सुचवलं, आपण कॅव्हेट टाकून ठेवू, म्हणजे तिकडून काही दाखल झालं तर तुम्हाला आधी कळेल. मी लगेच हो म्हणाले. त्यांना वाटलं बाई सावध आहेत. त्यानंतर दोन-तीन महिने पोस्टमन दिसला की मी गाळ्याच्या दारात जायची. विजेचं बिल यायचं, विम्याचं पत्र यायचं.

परवा वकिलांचा फोन आला. फार खूश होते. अपिलाची मुदत संपली, तिकडून काही दाखल झालेलं नाही. भावाच्या वकिलाशीही ते बोलले होते. भाऊ म्हणाला होता, आता अक्काचं अक्काला देऊन टाकू, मला आता चढवत न्हाय ते जिनं. मोजणी करायची, हद्दीचे दगड घालायचे, ते सरकारी माणसं करतील. भाऊ त्याला हरकत घेणार नाही, स्वतः येणारही नाही, मुलाला पाठवणार आहे.

मी विचारलं, “म्हणजे पुढची तारीख नाही?”

वकील हसले. “तारीख कसली आता, ताई? संपलं सगळं. पेढे द्या.”

देते म्हणाले. फोन ठेवला. कारागिरानं मशीन बंद करून विचारलं, काय झालं. जिंकलो म्हणाले, आणि मला रडू आलं. त्याला वाटलं आनंदानं. त्याला कसं सांगायचं की माझा भाऊ पाच कोसांवर राहतो आणि आता तो मला दिसायचं कुठलंच कारण उरलेलं नाही.