आमच्या शाळेची रेषा

गाव सोडलं त्या सकाळी हिंगोलीच्या स्टँडवर अण्णांनी माझी बॅग एसटीच्या खिडकीतून आत दिली आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर. अन् जेवणाची हयगय करू नकोस." अण्णा म्हणजे माझे वडील. गावात शिलाईकाम करतात, शाळेचे गणवेश त्यांच्याकडेच शिवायला येतात. गाडी निघाली तेव्हा ते चहाच्या टपरीकडे वळले होते. मीही मागे फार वेळ पाहिलं नाही.

त्याला बारा वर्षं झाली. आता मी मोशीत राहते, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. रोज सकाळी मीटिंगमध्ये कालच्या रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या मालाचा, आलेख दाखवायचा, दोन वाक्यं बोलायची, खाली बसायचं. ती सवय फोनवरही आली. सुटीच्या दिवशी एखादा छोटा आलेख काढून खाली दोन ओळी लिहून सोशल मीडियावर टाकायचे. मोशी ते चाकण बसला लागणारा वेळ, सोसायटीत येणारे टँकर, असलं काही. लोक खाली वाद घालायचे. गावात मला कुणी फारसं काही विचारत नसे, इथे अनोळखी माणसं विचारत होती.

मागच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा शाळेच्या व्हरांड्यातल्या फलकाचा फोटो घेतला. त्यावर दर वर्षीची पटसंख्या लिहिलेली आहे. परत आल्यावर त्यावरून लाल रेषा काढली आणि लिहिलं, 'माझी शाळा. अजून किती वर्षं?'

ती पोस्ट भरपूर फिरली. कुणी सरकारला बोललं, कुणी मास्तरांना. माझ्यासारखंच गाव सोडून चाकणजवळ निघोज्यात राहणाऱ्या गणेशनं, माझ्या वर्गमित्रानं, लिहिलं, 'ह्यात तुझा पोरगा अन् माझ्या दोन पोरी पण धर.' माझा मुलगा मोशीत इंग्रजी शाळेत जातो.

चार दिवसांनी अण्णांचा फोन आला. "तुझं ते चित्र गावात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरायलंय. शाळा बंद पडणार म्हणून दोघं जण लेकरांचे दाखले मागायला गेलते." शाळा बंद पडली तर त्यांच्याकडे येणारे गणवेशही बंद होणार होते.

मग शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्या माझ्यानंतर आलेल्या, आमची ओळख नव्हती.

"मी आकडे बदललेले नाहीत, बाई," मी आधीच सांगून टाकलं.

"आकडे बरोबरच आहेत. पण तुमची रेषा पार तळाला टेकलीये. माझ्यासमोर तेवीस लेकरं बसलेत. ती तुमच्या चित्रात कुठं आहेत?"

मी लॅपटॉप उघडला. आलेखाची खालची कड शून्य नव्हती, वीस होती. सॉफ्टवेअरनं ती आपोआप धरली होती आणि मी तपासली नव्हती. त्यामुळे तेवीस मुलं जवळजवळ नाहीशी दिसत होती. कंपनीत असा आलेख मी कुणाला पुढे नेऊ दिला नसता.

जुनी पोस्ट काढून टाकली. चूक झाल्याचं लिहून नवी टाकली, शून्यापासून, रेषेऐवजी दर मुलामागे एक ठिपका. ती फारशी कुणी पाहिली नाही. जुन्या पोस्टचा फोटो मात्र अजून फिरतो. दाखला मागणाऱ्यांपैकी एकाची बाईंनी समजूत घातली. दुसऱ्यानं ऐकलं नाही, त्याची तिसरीतली मुलगी तालुक्याच्या शाळेत गेली. मी बाईंना तिचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं.

तुम्ही जे तिथेच राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडे आलात, त्या तुमच्यासाठी हे लिहितेय. गाव म्हणजे आपण लांबून ज्याच्याबद्दल बोलू शकतो ते, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. आता गावाबद्दल काही टाकायचं असलं की आधी बाईंना पाठवते. त्या पाहतात. कधी हो म्हणतात, कधी नको म्हणतात. नको म्हटलं की मी टाकत नाही. तेवढ्यापुरती मी अजून त्या गावची आहे.