काळ्या रंगाचा संशय

अक्षर वाईट आहे, चुकाही होतील, माफी असावी.

कंपनीत पॅकिंग करताना मला चक्कर यायची, कामाला खाडे पडायचे. रक्त कमी म्हणून सरकारी दवाखान्याच्या आशाताईने लोहाच्या गोळ्या फुकट दिल्या. शौचाला काळं होऊ लागलं, तेव्हा फुकटच्या गोळ्यांचाच संशय आला. लाजेने कोणाला विचारलं नाही, गोळ्या बंद केल्या. पुढच्या तपासणीत रक्त तेवढंच निघालं. मग आशाताईला खरं सांगितलं.

"लोहानं काळं होतंच, बाय. डांबरासारखं चिकट झालं तर डॉक्टरकडं जा. घेत कशाबरोबर होतीस?"

"कंपनीतल्या चहाबरोबर."

"मग काय उपेग? चहा दोन तास लांब ठेव, लिंबूपाण्यासंगं घे."

धीर करून गोळ्या पुन्हा तशाच घेतल्या. रक्त वाढलं, खाडे थांबले. आजारपणात जाऊबाईंकडून घेतलेले पैसे या पगारात पूर्ण फिटले.