साडेतीन फुटांवरची खिडकी

घराचा नकाशा काढायला एक ट्रेसिंग पेपर पुरतो. पण ते घर उभं राहीपर्यंत त्याच्याभोवती माणसं जे काही बोलतात, ते लिहायचं म्हटलं तर रजिस्टरं अपुरी पडतील! शहाद्याला बांधकाम खात्यात मी ट्रेसर होतो, तेव्हाचं हे सगळं. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. त्या काळातले माझे बरेचसे नकाशे वाळवीनं खाल्ले. किस्से मात्र तिला पचले नाहीत.

संध्याकाळी आमची बैठक लाकडाच्या वखारीत भरायची. सागाच्या ओंडक्यांवर आम्ही चौघं. ओव्हरसियर आबासाहेब, रतन मिस्तरी, इस्माईलभाई पेंटर आणि मी. आबासाहेबांकडे मुंबईहून घरांच्या चित्रांची मासिकं यायची, त्यामुळे ‘सौंदर्यदृष्टी’ हा शब्द तालुक्यात फक्त त्यांच्याच मालकीचा होता. रतन मिस्तरी दिवसातून दहा वाक्यं बोलला तर खूप. कापूस आणि केळीनं बरे दिवस दाखवले होते. तापीकाठची गुजर मंडळी मातीची घरं सोडून सिमेंटचे बंगले बांधायला निघाली होती. बंगला कसा असावा, हे विचारायला सगळे वखारीत यायचे. आबासाहेब सांगतील ती फॅशन!

ब्राह्मणपुरीचे नरोत्तमभाई असेच आले. पुढचं सगळं त्यांच्या त्या एका घरापायी घडलं.

*

पहिल्यांदा जुन्या घराची मापं घ्यायला मी एकटाच गेलो. नरोत्तमभाई पोर्चबद्दल बोलत होते, त्यांचे वडील दाराबद्दल, शेजारी गच्चीबद्दल. तेवढ्यात नरोत्तमभाईंच्या बायकोनं, जमनाकाकींनी, मला आत बोलावलं. चुलीशेजारी पाट टाकला.

“भाऊ, आठे बठ. बठीसन देख. काय दखास?”

मी बसलो. समोर मागचं दार उघडं होतं. दारातून गल्ली दिसत होती, गल्लीपलीकडे विहीर, विहिरीवर चार बायका. त्यातल्या एकीनं माझ्याकडे बघून पदर सावरला.

“कोना घर काय रांधं, कोना पोऱ्या बिमार शे, समदं माले चुल्हापाशी बठीसनच कयस,” काकी म्हणाल्या. “पोरं शाळाकरता शहादाले. हाऊ माणूस दिनभर वावरमा. नवा बंगलामा मी काय भितसंगे बोलू?”

नवी जागा गावाबाहेर, वावराला लागून होती. तिथून विहिरीची वाट मागच्या अंगानं जायची. काकींना दुसरं काहीच नको होतं. फक्त स्वयंपाकघराची खिडकी खाली हवी होती, बसल्या जागेवरून ती वाट दिसेल एवढी खाली.

“ठेवतो,” मी म्हणालो. वहीत लिहूनही घेतलं, ‘खिडकी एक फुटावर’.

*

आबासाहेबांनी नकाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“काय रे, खिडकी काढलीस की मांजरासाठी वाट ठेवलीस? बाहेरून एलेव्हेशन कसं दिसेल याचा विचार केलास? सगळ्या खिडक्या एका रेषेत हव्यात!”

“काकी खाली बसून स्वयंपाक करतात, आबासाहेब.”

“म्हणूनच आपला देश खाली बसलाय!” त्यांनी मासिक उघडून माझ्यापुढे धरलं. चित्रात एक हसरी बाई उभ्यानं कणीक मळत होती. “आता सगळीकडे असा ओटा येणार. उभं राहून स्वयंपाक! बाई उभी राहिली की खिडकी आपोआप बरोबर उंचीवर येते.”

त्यांनी खोडरबर घेतलं, माझी खिडकी पुसली आणि साडेतीन फुटांवर नवी रेघ मारली. खिडकीखाली अडीच फूट उंच, सात फूट लांब ओटा काढला. ‘काकींना मी शब्द दिलाय’ हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण नोकरी नवी होती. मूग गिळून गप्प बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

*

त्याच हिवाळ्यात खात्याच्या विश्रामगृहाच्या दुरुस्तीसाठी आबासाहेब आणि मी तोरणमाळला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या पावरा आदिवासी बाबाच्या घरी थांबलो. घराच्या भिंती बांबूच्या तट्ट्याच्या, आत उन्हाच्या बारीक तिरिपी येत होत्या. आबासाहेबांना राहवलं नाही. “भिंतीला केवढ्या फटी आहेत! आतून मातीनं लिंपून का घेत नाही?”

आमच्याबरोबरच्या फॉरेस्ट गार्डनं ते पावरी बोलीत सांगितलं. बाबा काहीतरी बोलला. गार्ड हसला. “तो म्हणतो, बाहेर कोण आलं ते आतून दिसायला नको का? तुमच्या घरी कसं कळतं?”

“आमच्याकडे कडी वाजवतात,” आबासाहेब म्हणाले.

बाबानं जरा विचार केला आणि गार्डला आणखी एक प्रश्न विचारायला लावला.

“आणि जो कडी वाजवत नाही, तो?”

घाट उतरताना आबासाहेब मागे वळून वळून त्या घराकडे पाहत होते. काकींची गोष्ट काढायची तर तीच वेळ होती. मी दोनदा घसा खाकरला, एवढंच.

*

घर वर येत होतं. एकदा मी ओटा मापला. दोन फूट रुंद हवा, तो भरला तीन फूट.

“मिस्तरी, हे काय?”

“माप चुकलं,” रतन मिस्तरी म्हणाला आणि थापी धुवायला लागला. वीस वर्षांत या माणसाचं माप सुतानंही चुकलं नव्हतं! पण माझ्याच मनात चोर होता, मी कसला जाब विचारणार?

*

रंगाची वेळ आली. नरोत्तमभाईंना भिंती हव्या होत्या केळीच्या पानासारख्या. सकाळी त्यांनी स्वतः पान तोडून आणलं. इस्माईलभाईंनी चुन्यात रंग घोटला, पान शेजारी धरून पाहिलं, एक अख्खी भिंत मारली. संध्याकाळी नरोत्तमभाई तेच पान घेऊन आले आणि भडकले.

“हाऊ रंग नही! पान देखा ना, आबासाहेब!”

पान दिवसभर उन्हात पडून पिवळं पडलं होतं. इस्माईलभाईंनी ब्रश खाली ठेवला. “भाई, मी सकाळचं पान रंगवलंय. संध्याकाळचं हवं असेल तर घाई नाही, पाच-सहा वर्षांत भिंत आपोआप तिथं येईल.”

*

पुढच्या अंगणात आबासाहेबांनी विटांचा गोल आखून गुलाब आणि क्रोटन लावायला सांगितले. त्यांच्या मते बाग म्हणजे जिचा काही उपयोग नाही ती! नरोत्तमभाईंचे वडील काठी टेकत आले. गोलाभोवती दोन चकरा मारून म्हणाले, “जे झाड खावाना कामनं नही ते दारमा लावतस?”

“शोभेसाठी, बाबा,” आबासाहेब म्हणाले.

“मंग माले बी तठेच बसाडी द्या. मी बी आते काय कामना?”

सगळे हसलो. म्हातारा हसला नाही. दुसऱ्या दिवशी नरोत्तमभाईंनी गोलाच्या मधोमध वडिलांसाठी बाज टाकली. गुलाब कडेकडेनं लागले. तालुक्यातली ती एकमेव बाग, जिच्यात मधलं झाड तंबाखू खायचं.

*

घर पुरं झालं आणि आबासाहेबांनी धुळ्याच्या इंजिनियरसाहेबांना आमंत्रण दिलं. साहेबांबरोबर बाईसाहेबही येणार होत्या. त्यांच्या बंगल्याची बैठक पाहून अर्धं धुळं आपली बैठक सजवायचं, असं आबासाहेबच सांगायचे. चार दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मला मात्र वेगळीच धास्ती होती. वास्तुशांतीला जाणं मी आजारपणाचं सोंग करून टाळलं होतं. आता काकी समोर येणार. चौघांनाही हजर राहायचं होतं, मी नकाशा घेऊन मागे मागे चालत होतो.

पोर्च झाला, बैठक झाली, गोलातल्या बाबांना नमस्कार झाला. साहेब माना डोलवत होते.

“आणि हे आधुनिक स्वयंपाकघर! उभ्यानं काम!” आबासाहेबांनी दार ढकललं.

जमनाकाकी ओट्यावर बसल्या होत्या. चांगल्या ऐसपैस मांडी घालून, शेजारी शेगडी, शेगडीवर तवा, मांडीपुढे परात. तीन फूट रुंदीत सगळं नीट मावलं होतं. तोंड खिडकीकडे, आणि खिडकी बसल्या जागेपासून बरोबर एक फुटावर. बाहेरच्या वाटेवरून डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई ओरडून विचारत होती, “जमना, काय रांधस वं?”

“भरीत शे! येजो दुपारले!”

आबासाहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. साहेबांनी रुमाल तोंडाशी नेला. रतन मिस्तरी छताच्या गिलाव्याची कड तपासू लागला. काकींनी मागे वळून पाहिलं, पण त्या उतरल्या नाहीत. थोड्या बाजूला सरकल्या.

“या बाई, वर या. आठून देखा.”

बाईसाहेब क्षणभर थांबल्या. मग चपला काढल्या, साडी सावरली आणि पाटावर पाय देऊन चढल्या. काकींच्या शेजारी मांडी घालून बसल्या. खिडकीतून वाट दिसत होती, पुढे विहीर, विहिरीवर बायका. आम्ही सगळे पुरुष खाली उभे.

“माझ्या ओट्यासमोर नुसती भिंत आहे,” बाईसाहेब म्हणाल्या. आणि आबासाहेबांकडे वळल्या. “खिडकीची उंची मात्र अगदी बरोबर घेतलीत हो!”

आबासाहेब कॉलर सारखी करू लागले.

काकींनी भाकरी उलटली. पिठाचा हात माझ्याकडे केला.

“उंची या भाऊनी लिधी.”