भिंतीपलीकडची श्रोती

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात रेडिओ होता, असं मी अजूनही छातीठोकपणे सांगते. खरं म्हणजे भौतिकशास्त्राच्या सरांनी जोडलेला अॅम्प्लिफायर, एक माइक आणि गच्चीवरचा भोंगा, एवढाच त्याचा संसार. रोज मधल्या सुट्टीत अर्धा तास आमचा कार्यक्रम चालायचा आणि बरोबर एक वीसला माझ्या नमस्काराने संपायचा. एका कापड दुकानदाराने जाहिरात देऊ केली, तर प्राचार्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

निवेदिका मी. भाषा इतकी जड वापरायची की आमच्या घरी कुणाला कळली नसती. तोरा तर विचारूच नका.

दुसऱ्या वर्षी प्राचार्यांनी विचारलं, हे ऐकतं कोण? आठवडाभर बंद ठेवू. कुणी चौकशी केली तर चालू, नाहीतर भोंगा खाली. पोरं मोर्चाच काढतील, अशी माझी खात्री. सोमवार गेला, मंगळवार गेला. पोरं कॅन्टीनमध्ये भजी खात होती, भोंग्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. मला रडू यायचं, आणि त्याहून जास्त राग.

बुधवार बाजाराचा दिवस. दुपारी दोनच्या सुमारास, दर बाजाराला कॉलेजच्या भिंतीला टेकून शिंगाडे विकणारी मावशी टोपलीसकट थेट प्राचार्यांच्या खोलीत शिरली. आम्ही रेडिओवाले दारात जमलो. भोंगा काहून बंद, म्हणून ती भांडायलाच आली होती. तिची दीडची पवनीची बस चुकली होती. प्राचार्यांनी आशेने विचारलं, तुम्ही कार्यक्रम ऐकता?

"आयकाले मले टाइम कुठं हाय, साहेब? हे पोरगी नमस्कार म्हनते, का मी टोपली उचलतो न बसवर जातो."

प्राचार्य पोट धरून हसले आणि भोंगा पुन्हा सुरू झाला. सगळे नाचले. मीही नाचले, पण मनातून चिडले होते. एवढं नटूनथटून बोलायचं आणि ठरायचं काय, तर घड्याळ!

त्या रागात मी जड भाषा सोडूनच दिली. पुढच्या बुधवारी आमच्या घरची गोष्ट घेतली. भाताचं रोवणं चालू असताना आमचा बैल बांधावरची सगळ्या बायांची शिदोरी फस्त करून पळाला होता. आई सांगायची तशी, तिच्याच बोलीत सांगत गेले. बैल अजून सापडायचा होता आणि एक वीस झाले. मावशीची बस चुकू नये म्हणून मी मध्येच नमस्कार म्हटला आणि गोष्ट पुढे चालू ठेवली.

संपल्यावर भिंतीशी धावत जाऊन पाहिलं. मावशी तिथेच बसलेली, टोपली खालीच.

"मावशी, बस गेली न."

"जाऊ दे, दुसरी येते. बैल सापडला का नाही, ते आयकाचं होतं मले."

तिने ओंजळभर शिंगाडे माझ्या ओढणीत टाकले. मला आभाळ ठेंगणं झालं.