सुभेदारांची वाटी

मी आठवी नापास, भोपाळच्या सरकारी कारखान्यात फिटर. कायद्यातलं मला शष्प कळत नाही. आमच्या हिला कळायचं. ती असताना हे कबूल केलं असतं तर तिनं मला जगू दिलं नसतं.

शेजारच्या क्वार्टरात फौजेतून नुकतेच रिटायर झालेले एक सुभेदार एकटे राहायचे. परदेशात शांतिसेनेत असताना त्यांच्या तुकडीतल्या जवानानं तिथल्या एका दुकानदाराला गोळी घातली, आणि ते यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या देशाला आपल्या जवानावर खटला भरता येत नाही म्हणे. तो आपल्याच फौजेनं इथं चालवायचा. साक्षीला या, असं पत्र आलं. सुभेदारांनी ते रेडिओखाली दाबून ठेवलं.

"वहिनी, तिकडची भानगड तिकडेच राहू दे," ते हिला म्हणाले.

"तिकडचे म्हणतात, तुमचा माणूस, तुम्ही बघा. तुम्ही म्हणता, तिकडची भानगड. मग मेलेल्याचं बघायचं कुणी?"

मी सुभेदारांच्या बाजूनं. डेप्युटेशनवर दुसऱ्या कारखान्यात असताना मी एक क्रेन पाडली होती. तिथले म्हणाले, भोपाळवाले शिक्षा करतील. भोपाळवाले म्हणाले, तिथली बाब. मी सुटलो. हा किस्सा मी रंगवून सांगितला.

ही म्हणाली, "क्रेनला बायको नव्हती."

आमच्या लाइनीत शेजाऱ्याची वाटी कधी रिकामी परत जात नाही. काही नाही तर चिमूटभर साखर तरी. सुभेदारांनी खीर पाठवली होती. हिनं वाटी घासली, पुसली आणि रिकामीच माझ्या हातात दिली. मला लाज वाटली. वाटेत मी खिशातली दोन बिस्किटं तिच्यात टाकली.

खिडकीतून आवाज आला, "अहो! ती बिस्किटं काढा!"

सुभेदारांनी वाटी उलटी करून पाहिली. "वहिनी आजारी आहेत का?"

"ठणठणीत आहे. तुमच्यावर खटला चालू आहे."

अशा तीन वाट्या रिकाम्या गेल्या. चौथ्या दिवशी सुभेदार इस्त्रीचा कोट, त्यावर मेडलं, हातात ट्रंक, असे दारात उभे.

"जातो साक्षीला. पण त्या जवान पोराची आई मला शिव्याशाप देईल."

"देऊ दे. त्या दुकानदाराच्या बायकोला तर तुमचं नावही माहीत नाही. हा डबा धरा, दशम्या आहेत."

साक्ष झाली, जवानाला शिक्षा झाली. सुभेदार महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. हिच्या वाटीतलं मात्र सगळं खायचे.

आता ही नाही. सुभेदार मला रोज वरण पाठवतात. मला काही रांधता येत नाही. वाटी परत नेताना तिच्यात दोन बिस्किटं टाकतो आणि आमच्या खिडकीखाली जरा थांबतो. कुणी ओरडत नाही.