करडू निजेपर्यंत

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या आमच्या वाडीत पोरं भांडली की मार खात. आमची आय मात्र हात उगारत नसे. गोठ्याच्या कोपऱ्यात कुडाच्या आडोशामागे लहान करडं असत. शेळ्या चरायला गेल्या की ती तिथंच राहत. भावाने आणि मी एकमेकांच्या झिंज्या धरल्या, की आय दोघांना तिथं बसवायची आणि मांडीवर एकेक करडू द्यायची.

"करडू निजलं का मंग बोला," एवढंच म्हणायची.

आपली छाती धडधडत असली तर करडू निजत नाही, धडपडून उठतं. त्यामुळे आधी आपल्यालाच निवावं लागे. मी लबाड, पटकन सुटायची. भावाचा राग नाकावर. त्याला फार वेळ लागायचा. पण बाहेर आला की आयला सगळं सांगून मोकळा व्हायचा. कोण काय म्हणालं, कुठं लागलं, सगळं.

सातवीनंतर मामाने त्याला मुंबईला कॅन्टीनच्या कामाला नेलं. शेळ्यांमागे जाणारा तोच होता, म्हणून शेळ्याही विकल्या. घरोघरी तेच चाललं होतं, कोणाला त्यात वावगं दिसलं नाही. आयने आडोशामागे सरपण रचलं.

शिमग्याला तो आला, तो उंच होऊन. हिंदी पेरत बोलायचा, म्हणून मी चिडवलं. एरवी अंगावर धावून आला असता. या वेळी त्याने हातातलं ताट भिंतीवर भिरकावलं आणि गोठ्यात गेला. मी मागोमाग गेले. सरपणासमोर तो नुसता उभा होता. मनगटावर भाजल्याचा डाग होता.

तेवढ्यात आय आली. "काय झालं रे तिकडं? कोन मारतो का तुला?"

"काय नाय आय. सब ठीक हाय."

ती लाकडं ओढून बाजूला टाकू लागली. "बस हितं. जरा बस माझ्याजवळ."

"नको. सकाळची गाडी हाय, पिशवी भरायची हाय."

त्यानंतर तो दर शिमग्याला येत राहिला. मिठाई आणायचा, आवाज कधी चढवला नाही, स्वतःचं कधी काही सांगितलं नाही. वाडीतले म्हणत, "पोरगा काय शांत झालाय गो तुझा." ते ऐकलं की आय उठून आत जायची.